हिरव्या अक्षरांचा इतिहास

स्मरणिका समितीने 'शाळेच्या आठवणी' असा विषय दिला होता. सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि छडीच्या आठवणी आपल्या १९९५ च्या बॅचमधले इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, म्हणून मी समितीकडून वेगळा विषय मागून घेतला. गेल्या वर्षभरात सुट्टीच्या दिवशी बसून मी घरी एक यंत्र बांधले आहे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे आणि खटखट वाजणारा जुना कीबोर्ड, एवढेच ते दिसते. त्याला व्हिडिओ टर्मिनल म्हणतात. हे यंत्र मेळाव्याच्या दिवशी संगणक कक्षात ठेवणार आहोत आणि नंतर ते शाळेकडेच राहणार आहे. त्याचा इतिहास त्याच्याबरोबर शाळेत राहावा, म्हणून हा लेख. आपल्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांशीही या इतिहासाचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. शाळेत पहिल्यांदा संगणक आला तेव्हा चपला बाहेर काढून, रांगेने आत जाऊन आपण तो पाहिला होता. पडदा आणि कीबोर्ड म्हणजेच संगणक, असे तेव्हा आपल्या सगळ्यांच्या मनात बसले. टर्मिनलमध्ये मात्र संगणक नसतो. 'टर्मिनल' म्हणजे शेवटचे टोक. संगणक दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या शहरात असतो आणि त्याच्यापासून निघालेल्या तारेचे माणसाकडचे टोक म्हणजे टर्मिनल. तुम्ही कळ दाबली की अक्षर तारेतून तिकडे जाते. तिकडून आलेले अक्षर टर्मिनल पडद्यावर दाखवते. रेल्वेच्या आरक्षण खिडकीत काचेपलीकडे बसलेले बाबू ज्याच्याकडे पाहून 'वेटिंग आहे' म्हणायचे, ते टर्मिनलच होते. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५ च्या सुमारास नवी दिल्लीत सुरू झाले आणि मग मुंबईसारख्या शहरांत पसरले. खिडक्या अनेक होत्या, पण गाडीतल्या जागांची वही एकच, आतल्या संगणकात. म्हणूनच एक बर्थ दोघांना दिला जात नसे.

कागदावरून काचेवर

टर्मिनलचे पूर्वज तारखात्यातले. टेलिप्रिंटर म्हणजे तारेवर चालणारा टाइपरायटर. इकडे कळ दाबली की तिकडे कागदावर अक्षर उमटे. आपल्याकडे हे टेलिप्रिंटर चेन्नईच्या हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स या सरकारी कारखान्यात बनत. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा त्या घराण्याची एक शाखा संपली. दुसरी शाखा मात्र संगणकाच्या घरात कधीच नांदायला गेली होती.

अमेरिकेतल्या टेलिटाइप कंपनीने १९६३ मध्ये 'मॉडेल ३३' हे यंत्र आणले. त्याच वर्षी 'आस्की' ही संकेतावली प्रसिद्ध झाली. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा मिळून १२८ जागा, आणि प्रत्येकीला एक क्रमांक. मॉडेल ३३ हे आस्की वापरणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. ते स्वस्त आणि दणकट होते, म्हणून संगणकाशी बोलण्यासाठी प्रयोगशाळांनी तेच जोडून घेतले. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग. सगळी कॅपिटल.

त्या यंत्राच्या खुणा आजही आपल्या संगणकात आहेत. ओळ संपली की छपाईचे डोके डावीकडे परत न्यायचे ही एक आज्ञा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा ही दुसरी. कारण या दोन वेगळ्या यांत्रिक हालचाली होत्या. आता ना डोके उरले ना कागद, पण विंडोज अजूनही प्रत्येक ओळीच्या शेवटी हे दोन्ही संकेत लिहिते आणि लिनक्स एकच लिहिते. एकीकडची फाइल दुसरीकडे उघडली की कधीकधी ओळी विचित्र दिसतात, त्याचे कारण हेच. 'डिलीट'चा क्रमांक १२७ का? कागदी पट्टीवर सात भोकांच्या जागा असत. पाडलेले भोक बुजवता येत नाही, पण उरलेली सगळी भोके पाडून ते अक्षर रद्द करता येते. सातही भोके म्हणजे १२७. खोडण्याचा हा एवढा सोपा उपाय मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कोणी सांगितला नव्हता.

कागदाच्या जागी काच आणायची कल्पना भारतातही लवकर आली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची. इतक्या लहान यंत्रालाही तिथल्या लोकांनी कॅथोड किरण नळीचा पडदा जोडला होता. त्यावर आलेख आणि अक्षरे दिसत. आपल्या जन्माच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची ही गोष्ट.

पण पडदा महाग पडण्याचे खरे कारण वेगळे होते. कागदावर उमटलेले अक्षर कागदच लक्षात ठेवतो. काचेवरचे अक्षर क्षणात विझते, म्हणून ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा काढावे लागते. त्यासाठी पडद्यावर काय आहे हे कुणीतरी सतत लक्षात ठेवायला हवे. ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे १९२० अक्षरे. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. १९७० च्या आसपास मात्र एवढी स्मृती ही चैन होती. डीईसी कंपनीचे १९७० चे 'व्हीटी०५' टर्मिनल ७२ अक्षरांच्या २० ओळींवर थांबले होते. ८० हा आकडा तरी कुठून आला? १९२८ मध्ये आयबीएमने ठरवलेल्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते. कार्डे गेली, पण ८० चा हिशेब पडद्यावर आला. आज माझ्या कार्यालयात कुणी फार लांब ओळ लिहिली की 'ऐंशीच्या आत ठेव' म्हणून टोकतात. टोकणाऱ्याने कार्ड बहुधा पाहिलेलेही नसते.

टर्मिनलच्या पोटातून आलेला संगणक

या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो गावची. तिथल्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने १९७० मध्ये 'डेटापॉइंट २२००' नावाचे टर्मिनल जाहीर केले. टर्मिनलला थोडी अक्कल हवी, म्हणून त्याच्यासाठी त्यांनी स्वतःची आज्ञावली आखली आणि ती एका चिपमध्ये बसवून देण्याचे काम इंटेलला सांगितले. चिप यायला वेळ लागला. कंपनीने तोवर सुट्या चिप जोडून यंत्र तयार केले आणि ती चिप घेतलीच नाही. इंटेलने मग एप्रिल १९७२ मध्ये ती '८००८' या नावाने बाजारात आणली. तिच्या मागून १९७४ मध्ये ८०८० आली आणि १९७८ मध्ये ८०८६. आपल्या घरच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपचे कूळ थेट तिथे पोचते. म्हणजे आपण ज्याला अडाणी टोक समजतो, त्या टर्मिनलसाठी आखलेल्या आज्ञांचे वंशज आज मोठमोठी सर्व्हर यंत्रे चालवतात.

दुसरा धागा हौशी लोकांचा. सप्टेंबर १९७३ च्या 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकास्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' होता. घरचा दूरदर्शन संच, कीबोर्ड आणि मधे हाताने जोडायचे सर्किट. ३२ अक्षरांच्या १६ ओळी. स्वतः दाबलेले अक्षर स्वतःच्या टीव्हीवर पाहणे ही सामान्य माणसासाठी तेव्हा नवलाची गोष्ट होती. तीन वर्षांनी आलेल्या 'अ‍ॅपल १' संगणकाचीही वाट अशीच आहे. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आधी टीव्हीला जोडायचे टर्मिनल बनवले होते आणि मग त्याच्या शेजारी एक प्रोसेसर बसवला.

१९७६ च्या 'एडीएम-३ए' या टर्मिनलने आपल्या बोटांना लावलेली सवय अजून सुटलेली नाही. त्यावर बाणाच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या कळांवरच बाण छापलेले होते. बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा संपादक अशाच टर्मिनलवर लिहिला आणि डावी-खाली-वर-उजवी हालचाल त्या चार कळांना दिली. आज माझ्या गटातली पंचवीस वर्षांची मुलेही त्याच चार कळा वापरतात.

ऑगस्ट १९७८ मध्ये डीईसीचे 'व्हीटी१००' आले. त्याच्या आत इंटेलची ८०८० चिप होती. म्हणजे टर्मिनलसाठी आखलेल्या चिपची मुलगी टर्मिनलमध्ये परत नांदायला आली! पडदा पुसणे, अमक्या ओळीत जाणे, अक्षर ठळक करणे यासाठी तोवर प्रत्येक कंपनीच्या आज्ञा वेगळ्या असत. व्हीटी१०० ने त्यासाठी अमेरिकन प्रमाणकाप्रमाणे ठरलेल्या आज्ञा घेतल्या. आधी 'एस्केप' हा २७ क्रमांकाचा संकेत आणि मागून आज्ञा. पुढचे अक्षर छापायचे नाही, त्याचा अर्थ लावायचा, एवढेच एस्केप सांगतो. हे टर्मिनल इतके चालले की बाकीच्या कंपन्या त्याची नक्कल करू लागल्या. आजही लिनक्सची काळी खिडकी उघडली की आतला कार्यक्रम समोर व्हीटी१०० च्या घराण्यातले टर्मिनल आहे असे धरूनच बोलतो.

माझे यंत्र

माझ्या यंत्राचा कीबोर्ड पुण्याच्या जुन्या बाजारात साडेतीनशे रुपयांना मिळाला. टीव्हीएस गोल्ड. बँकेच्या काउंटरपलीकडून ज्याचा खटखटाट ऐकत आपण टोकन हातात धरून बसायचो, तोच. प्रत्येक कळेखाली चेरी कंपनीचा स्वतंत्र यांत्रिक स्विच असल्याने इतक्या वर्षांनंतरही एकही कळ मेलेली नव्हती. फक्त एका कळेची टोपी हरवली होती. बाकीचे सामान पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले.

यंत्राचे हृदय म्हणजे रास्पबेरी पाय पिको हे बोटभर आकाराचे मायक्रोकंट्रोलर बोर्ड. काही शे रुपयांना मिळते. २०२१ मध्ये आलेल्या या बोर्डावरच्या चिपमध्ये २६४ किलोबाइट स्मृती आणि दोन प्रोसेसर असतात. एक प्रोसेसर मी पडद्याला दिला, दुसरा कीबोर्डला आणि संगणकाकडून येणाऱ्या तारेला.

कीबोर्ड 'क' किंवा 'ए' पाठवत नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. तो फक्त 'अमुक क्रमांकाची कळ खाली गेली' आणि 'अमुक क्रमांकाची कळ वर आली' एवढेच कळवतो. दोन तारा असतात. एकीवर ताल, दुसरीवर बातमी. ११ ठोक्यांत एक निरोप पूर्ण होतो: सुरुवातीचा एक, बातमीचे आठ, तपासणीचा एक आणि शेवटचा एक. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे पलीकडचा ठरवतो. पुढे आईची गोष्ट येईल तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवा.

पडद्यासाठी जुना काचेच्या नळीचा व्हीजीए मॉनिटर घेतला. आडवे ६४० ठिपके, उभे ४८०. अक्षराची रुंदी ८ ठिपके धरली की ओळीत बरोबर ८० अक्षरे बसतात. उंची १६ धरली की २४ ओळींना ३८४ ठिपके लागतात आणि वरखाली थोडी काळी पट्टी उरते. व्हीजीएच्या तारेत लाल, हिरवा आणि निळा यांचे मार्ग वेगळे असतात. मी फक्त हिरवा जोडला, मधे २७० ओमचा रेझिस्टर. झाली हिरवी अक्षरे. प्रत्येक आडवी रेघ सुमारे ३२ मायक्रोसेकंदांत संपते आणि पुढची लगेच सुरू होते. मायक्रोकंट्रोलरला जरा उशीर झाला तरी अख्खे चित्र वाऱ्यावरच्या पडद्यासारखे थरथरते.

वेगाची गंमत मुलांना दाखवण्यासाठी मी एक बटण ठेवले आहे. एका बाजूला केले की टेलिटाइपचा वेग. १९२० अक्षरांचा पडदा भरायला तीन मिनिटांहून अधिक लागतात. दुसऱ्या बाजूला केले की ९६०० बॉड. तोच पडदा दोन सेकंदांत भरतो. जुन्या लोकांच्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या का असत, हे त्या तीन मिनिटांत न सांगता कळते.

चौकटीत न मावणारी लिपी

इथवरचा सगळा इतिहास इंग्रजी अक्षरांचा होता. एक अक्षर, एक क्रमांक, एक चौकोन. माझे यंत्र तयार झाल्यावर मी त्यावर शाळेचे नाव मराठीत लिहायला घेतले आणि तिथे या पद्धतीची मर्यादा लागली. 'स्त्री' हे किती अक्षरे? कानाला एक, टाइपरायटरला तीन-चार आणि संगणकाच्या साठवणीत सहा. वेलांटी मागे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. सोळा ठिपक्यांच्या उंचीत हे सगळे मावत नाही.

टाइपरायटरने यावर तोड काढली होती ती डोळ्याच्या क्रमाची. कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी. म्हणून 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. अर्धा 'श' आणि काना जोडून पूर्ण 'श'. कळा आवाजांच्या नव्हत्या, आकारांच्या होत्या.

कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात या प्रश्नावर काम झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्या तंत्राचे नाव 'जिस्ट'. या आद्याक्षरी नावातला शेवटचा 'टी' सुरुवातीला 'टर्मिनल'चा होता. त्यामागचा विचार साधा आणि मोठा होता. साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने. आधी 'क', मग इकार. वेलांटी डावीकडे काढायची की उजवीकडे, जोडाक्षर आडवे बांधायचे की उभे, ही पडदा रंगवणाऱ्याची जबाबदारी. संगणकाला त्याची काळजी नको. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये प्रमाण ठरला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, आपल्या वर्णमालेला धरून. 'इस्की' ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिने आस्कीच्या १२८ जागांना हात लावला नाही, वरच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना दिल्या आणि ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना एकच क्रमांक दिले. मराठी 'क' आणि तमिळ 'क' साठवणीत सारखे, पडद्यावर वेगळे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे मराठी उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते, त्याची मुळे इथे आहेत.

माझ्या यंत्रातही मी हाच मार्ग धरला. मराठीसाठी ओळीची उंची दुप्पट, म्हणजे ३२ ठिपके केली. २४ च्या जागी १५ ओळी मिळतात, पण उकाराचे पाय कापले जात नाहीत. २८० आकार ठिपक्याठिपक्याने काढले. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे दिसायलाच हवेत, हा माझा हट्ट होता. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. व्याकरणाच्या तासाला बाईंनी हा फरक फळ्यावर लिहून दाखवला होता. युनिकोडमध्ये या दुसऱ्या 'र'ला स्वतंत्र क्रमांक आहे, याचा मला फार आनंद झाला.

वार्षिक अंकांच्या फायली

आता शाळेचा संबंध. या स्मरणिकेसाठी जुने वार्षिक अंक शोधताना शाळेच्या कपाटात काही फ्लॉपी आणि सीडी सापडल्या. काही अंकांच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या. फायली उघडल्या, पण आत मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होती. समितीतल्या एकाने 'करप्ट झाल्यात, टाकून द्या' असे सुचवलेही होते.

त्या बिघडलेल्या नव्हत्या. १९९० च्या दशकात छपाईसाठी वापरले जाणारे अनेक मराठी फॉन्ट टाइपरायटरच्या विचाराने चालत. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की उरतात त्या नुसत्या कळा. आमच्या फायलींत 'शाळा' हा शब्द एक अवतरणचिन्ह, दोन 'के', एक 'जी' आणि पुन्हा एक 'के' असा होता. अर्ध्या 'श'ची कळ, त्याला पूर्ण करणारा काना, मग आणखी एक काना, मग 'ळ'चा आकार आणि त्याचा काना. मूळ फॉन्ट कुठे मिळेना. पण तो टाइपरायटरच्या मांडणीचा आहे हे दिसत होते, आणि ती मांडणी बोटांत असलेली व्यक्ती आमच्याच घरात होती.

माझी आई तालुक्याच्या कोर्टाबाहेर मराठी टायपिस्ट होती, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तुमच्यातल्या काहींच्या घरचे खरेदीखतही तिने टाइप केलेले असेल. सरकारी परीक्षेत मराठी चाळीसचा वेग ती पास झाली होती. संगणक आल्यावर लोक तिला म्हणाले, आता ही विद्या गेली. तिने इन्स्क्रिप्ट शिकून पाहिले. बोटे ऐकेनात. मशीनवर कापड घालून तिने ते काम थांबवले आणि त्या विषयावर पुन्हा फारशी बोलली नाही.

कीबोर्ड फक्त कळेचा क्रमांक कळवतो, हे वर सांगितलेच आहे. म्हणून मी टर्मिनलमध्ये तिच्या मांडणीची एक सोय केली. दाबलेली प्रत्येक कळ यंत्र नोंदवून ठेवील अशी. तिला म्हटले, "आई, याच्यावर बाराखडी लिही, मग जोडाक्षरं लिही. पडद्याकडे बघू नकोस." ती खुर्ची पुढे ओढून बसली. मनगटे उचललेली, पाठ ताठ. ७२ वर्षांच्या बोटांनी 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत एकदाही न अडखळता सगळे लिहिले. मध्येच म्हणाली, "कळा हलक्या आहेत गं. आमच्या मशीनला जोर लागायचा."

त्या नोंदीवरून तक्ता तयार झाला. कोणती कळ म्हणजे कोणता आकार. बाकीचे काम माझे होते. आधी लिहिलेली वेलांटी व्यंजनाच्या मागे न्यायची, आणि 'धर्म' मधला 'म'नंतर दिलेला रफार उच्चाराप्रमाणे 'म'च्या आधी आणायचा. डोळ्याचा क्रम कानाच्या क्रमात बदलायचा. कार्यक्रम फार मोठा नाही. मात्र जिथे अर्थ लागत नव्हता अशा ओळी मी छापून आईपुढे ठेवल्या आणि ती ते इंग्रजी कडबोळे सरळ वाचत गेली. "हा 'के' म्हणजे काना. इथे टाइप करणाऱ्याचं बोट घसरलंय, शेजारची कळ लागलीय." वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी टायपिस्टची चूक ती बोटांच्या अंतरावरून ओळखत होती.

या स्मरणिकेच्या दुसऱ्या भागात जुन्या अंकांतले जे लेख, कविता आणि गुणवंतांच्या याद्या छापल्या आहेत, त्या अशा परत मिळाल्या. दोन फ्लॉपी वाचताच आल्या नाहीत. त्यांतला मजकूर गेला. उरलेला आता युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फायलींत, शाळेकडे तीन ठिकाणी ठेवलेला आहे.

मेळाव्याच्या दिवशी

यंत्र संगणक कक्षात खिडकीजवळच्या टेबलावर असेल. पेटीला स्क्रू आहेत, कुठेही चिकटवलेले नाही. नववीच्या मुलामुलींनी ती उघडावी, तारा मोजाव्यात आणि बंद करून पुन्हा चालू करून दाखवावी, यासाठीच ती तशी केली आहे. सर्किटची आकृती आणि सगळा कार्यक्रम मराठी टिपांसह छापून शेजारच्या फाइलमध्ये लावला आहे. एकच गोष्ट उघडायची नाही, ती म्हणजे काचेचा मॉनिटर. त्याच्या आत वीज बंद केल्यावरही काही काळ धोकादायक दाब राहतो. तशी चिठ्ठी त्यावर लाल अक्षरांत चिकटवली आहे. सरांनीही मुलांना ते एकदा तोंडी सांगावे.

आई मेळाव्याला येणार आहे. दुपारी दोन ते चार ती त्या टेबलापाशी बसेल. कुणाच्या घरी जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली पडून असतील, वडिलांच्या कवितांच्या, संस्थेच्या इतिवृत्तांच्या किंवा लग्नपत्रिकांच्याही, तर त्या पेन ड्राइव्हवर घेऊन या. फेकू नका. तक्ता तयार आहे, आणि जे तक्त्याला कळणार नाही ते वाचायला ती आहे.